रॉक स्लायडर आणि किशनरावांचं धोतर

वीस मिनिटांचं काम! फार तर अर्धा तास, तोही मध्ये चहा घेतला तर! शनिवारी सकाळी मी आईला छाती पुढे काढून असं सांगितलं, आणि मंडळी, मला त्यात तसूभरही शंका नव्हती. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला होता. त्यातला परदेशी गडी शिट्टी वाजवत वाजवत दोन्ही बाजूंचे रॉक स्लायडर बसवतो, हात पुसतो आणि मोकळा होतो. त्याला जमतं तर मला का नाही? हळद पॉलिश करायचा अख्खा ड्रम खोलून पुन्हा जोडलेला माणूस आहे मी! एक बोल्ट उरला होता, पण ड्रम फिरतो ना!

रॉक स्लायडर म्हणजे काय, हे मला गावात घरोघरी सांगावं लागलं, तर तुम्हालाही सांगतो. गाडीच्या दाराखाली, दोन्ही अंगांना, सांगाड्याला म्हणजे चासीला, क्लॅम्पनं आवळून बसवायचे जाडजूड लोखंडी पाईप. दगड आला की मार पाईप खातो, पत्रा वाचतो. हिंगोलीहून ते घेऊन आलो तेव्हा आई म्हणाली, "हे खाटंचे पाय कुणाचे उचलून आनले रे?"

आता माल वाहायच्या पिकअपला ही चैन कशाला, असं विचाराल. आधी आमचा रस्ता बघा! सेनगावची डांबरी सोडून गावाकडे वळलं की नुसते दगड, आणि मध्ये ओढा. ओढ्यात तर दगडांनीच वस्ती केलीय. माझा शेजारी दगडोबा, वयानं मोठा पण माझा जिवाभावाचा दोस्त, त्यानं भर ग्रामसभेत जाहीर केलंय, "रस्ता व्हईस्तोवर पायात चप्पल घालनार न्हाई!" तेव्हापासून तो अनवाणी फिरतो. त्याचे तळपाय आता टायरसारखे झालेत, आणि रस्ता आहे तसाच आहे.

पण खरं कारण वेगळंच होतं. रविवारी मला पाहायला येणार होते. हो, मला! दिवसच तसे आलेत. शेती करणाऱ्या पोराच्या घरी मुलीकडचे येतात, घर बघतात, गोठा बघतात, विहिरीत वाकून पाणी बघतात, पोहे खातात आणि "कळवतो" म्हणून जातात. आजवर एकानंही कळवलेलं नव्हतं.

या वेळचं स्थळ मात्र मला मनापासून हवं होतं. कळमनुरीकडचे किशनराव. त्यांची मुलगी वैष्णवी शाळेत गणित शिकवते. तिचा फोटो पाहिल्यापासून मला जेवणात मीठ आहे की नाही हेसुद्धा कळत नव्हतं! मध्यस्थी करणारे संतराममामा, म्हणजे आईचे भाऊ, त्यांनी दम भरला होता, "विश्वंभर, ह्ये स्थळ गेलं तर म्या पुन्हा तुह्यासाठी कुनाच्या दारात जानार न्हाई. घर असं सजव की पाव्हन्याचे डोळे दिपले पायजेत!"

घर सजवलं. बैठकीत सोफा आला, तो दगडोबाचा. खिडकीत कूलर आला, तो कोपऱ्यावरच्या दुकानदार सुदामचा. दारातली पिकअप तेवढी माझी स्वतःची. पण तिच्या दोन्ही अंगांना दगडांनी असे पोचे पाडलेले की बघणाऱ्याला वाटावं, हिला कुणीतरी बेदम मारलंय. म्हणून स्लायडर! काळेभोर, चकचकीत, रुबाबदार! पाहुण्याची पहिली नजर त्यांच्यावर पडली पाहिजे, असा माझा बेत होता.

शनिवार अख्खा एका बाजूतच गेला. व्हिडिओतला गडी कुठलाही बोल्ट पहिल्या झटक्यात सोडवायचा. माझ्या गाडीखाली चिखल वाळून सिमेंट झालेलं. दिवस मावळायला एक स्लायडर बसला आणि मी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली. इकडून पाहिली तर काय देखणी! तिकडून पाहिली तर अर्धी दाढी करून न्हाव्याच्या खुर्चीतून पळून आलेला नवरदेव! दुसरी बाजू सकाळी बसवणं भाग होतं.

रविवारी पहाटेच उठलो, केसांना काळा रंग लावला आणि गाडीखाली शिरलो. पाहुणे दुपारी येणार होते. पाईप विटांवर ठेवला, क्लॅम्प वरून टाकले, नट बोटांनी अडकवले. आता फक्त कुणीतरी पाईप वर उचलून चासीला दाबून धरायचा, आणि मी खालून नट आवळायचे. त्यासाठी दगडोबाला निरोप धाडला होता. शेजारी बाबूसिंगच्या खळ्यावर हळदीचा ड्रम सुरू झालेला. तो सुरू झाला की गल्लीत माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, आणि पिवळी धूळ अशी उडते की पांढरी कोंबडीसुद्धा ओळखू येत नाही.

तेवढ्यात मला गाडीच्या कडेला पाय दिसले. अनवाणी. वर खोचलेलं पांढरं धोतर. अख्ख्या गावात चप्पल न घालणारा माणूस एकच!

"आला का दगडोबा?" मी खालून ओरडलो. "काहून येवढा उशीर केला?"

पाय थबकले. वरून काहीतरी बोलल्यासारखं वाटलं, पण ड्रमच्या घरघराटात काय ऐकू येणार?

"बोलू नको! आधी पाईप उचल! गुडघा लाव खालून, गुडघा! अन् सोडू नको हां! सोडला तर माह्या छातीवर येईल. मंग पाव्हन्याला पोह्याऐवजी माह्या तेराव्याचं जेवन घालशील का?"

पाईप उचलला गेला. एकदम चासीला टेकला! मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पाना लावला, पान्याला जोर यावा म्हणून पाईपचा तुकडा जोडला आणि पहिला नट दात-ओठ खाऊन आवळायला घेतला.

"शाब्बास! धर असाच! तुहा सोफा कसा जपून धरला होता, तसा!"

"कोनाचा सोफा?" वरून ओरडून विचारणा झाली.

"अरे तुहाच की! संध्याकाळी पाव्हने गेले का पोचवतो. तवर म्हाताऱ्याला वाटू दे आपलाच हाय म्हून!"

"अन् कूलर?"

"सुदामचा! त्याला हात लावू देऊ नको म्हाताऱ्याला, करंट मारतो!"

"हिर?"

"हिरीत चुलत्याचा निम्मा वाटा हाय, पर मामानं सगळी आपलीच सांगितली!"

मला जरा नवल वाटलं. दगडोबाला हे सगळं तोंडपाठ असताना तो पुन्हा का विचारतोय? मग लक्षात आलं, पाहुण्यांपुढे चूक होऊ नये म्हणून उजळणी करून घेतोय. काय हुशार माणूस! मला त्याचं इतकं कौतुक वाटलं की मी नट आणखी अर्धा फेरा आवळला.

"अन् पोराचं वय?"

ड्रमच्या वर आवाज जावा म्हणून मी छातीत हवा भरली आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "सांगायचं तीस! खरं..."

आणि लाईट गेली.

ड्रम थांबला. घरातला कूलर थांबला. गल्ली इतकी शांत झाली की बाबूसिंगच्या खळ्यावर बसलेल्या बाया पदरानं घाम पुसतानाही ऐकू आल्या असत्या. माझं तोंड मात्र थांबलं नाही.

"...पस्तीस हाय! अन् केस आज पहाटंच काळे केले!"

घराच्या ओट्यावरून कुणीतरी मुलगी फिस्सकन हसली. संतराममामांना जोरात ठसका लागला. आणि आतून, बैठकीतल्या सोफ्यावरून, दगडोबाचा खणखणीत आवाज आला, "विश्वंभर, अरे म्या इकडं हाय!"

मी गाडीखाली तसाच पडून राहिलो. दगडोबा तिकडे, तर मग हे पाय कुणाचे? डोकं बाहेर काढून वर पाहिलं. भरघोस मिशा, डोक्यावर फेटा, कपाळावर घामाच्या धारा, आणि दोन्ही हातांत माझा रॉक स्लायडर!

"राम राम," ते गृहस्थ म्हणाले. "म्या किशनराव. पाईप सोडू का आता?"

झालं होतं असं. ऊन तापायच्या आत पोचावं म्हणून पाहुणे लवकर निघाले. जीप ओढ्याच्या पलीकडे ठेवून चालत आले. आईनं रिवाजाप्रमाणे दारातच पाय धुवायला पाणी दिलं. किशनरावांनी जोडे काढले, धोतर वर खोचलं, पाय धुतले, आणि कडेला गाडीखालून दोन तंगड्या बाहेर आलेल्या बघून, काय चाललंय ते पाहायला इकडे वळले. आई मला हाका मारत होती म्हणे. ड्रमच्या पुढे तिची काय कथा! घरात कर्ता पुरुष दिसावा म्हणून तिनं ऐनवेळी दगडोबाला, धुतलेलं धोतर नेसवून, त्याच्याच सोफ्यावर बसवलं होतं.

मी उठून उभा राहिलो. केसांचा काळा रंग घामाबरोबर गालांवर उतरलेला, त्यावर हळदीची पिवळी धूळ. अशा तोंडानं मी वैष्णवीला पहिला नमस्कार केला. तिनं तोंडावर ओढणी धरली होती आणि तिचे खांदे हलत होते. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण आमच्याकडची जमीन खडकाळ आहे.

"सोडा, सोडा ना पाव्हनं! तकलीफ झाली तुमाला!" मी म्हणालो.

किशनरावांनी पाईप सोडला. तो पडला नाही. बसला होता! पक्का! एवढ्या फजितीतही माझ्या मनात आनंदाची उकळी फुटली. किशनराव एक पाऊल मागे गेले आणि तिथंच अडकले. धोतराचा सोगा पाईप आणि क्लॅम्पच्या मधोमध, माझ्या नटाखाली, करकचून आवळला गेला होता!

"दोन मिनिटांचं काम!" मी पुन्हा गाडीखाली शिरलो. पाना लावला, जोर दिला. पाना घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. मघाशी कौतुकाच्या भरात मी असा काही आवळला होता की नटाचे कोपरेच उडाले होते. नट गोटीसारखा गोल!

"ग्राइंडरनं कापतो!" मी म्हणालो.

"लाईट कुठंय?" मामा म्हणाले.

"मंग कात्री आना, सोगाच कापू!" दगडोबा म्हणाला.

"खबरदार!" आई कडाडली. "सोयरीक जुळवायला आलेल्या मानसाच्या धोतराला कात्री? असलं इघ्न माह्या दारात नको!"

"बराबर बोलल्या आशाबाई," किशनराव आईला म्हणाले. "ह्ये धोतर म्या थोरल्या पोरीच्या लग्नात नेसलो व्हतो. कात्री लागायची न्हाई."

धोतर सोडून ठेवा, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. मग पाहुणा गाडीपासून हलत नाही म्हटल्यावर कार्यक्रमच गाडीपाशी आणावा लागला. सोफा बाहेर निघाला. चौघांनी उचलला, आणि दगडोबा पुढे पुढे पळत ओरडत होता, "कोपरा सांभाळा, दाराला घासू नका! नवा हाय माहा!" आता लपवण्यासारखं उरलंच काय होतं? किशनराव सोफ्याच्या टोकाला, सोगा गाडीखाली, हातात पोह्यांची बशी. त्यांच्या शेजारी वैष्णवी. समोर मातीत, काळा-पिवळा मी.

"प्रश्न विचारू का?" वैष्णवीनं विचारलं.

"विचारा," मी म्हणालो.

"वय?"

"पस्तीस."

"विहीर?"

"अर्धी."

"सोफा?"

"दगडोबाचा."

"कूलर?"

"सुदामचा."

वर्गात उभं राहून पाढे म्हणावेत तसा मी उत्तरं देत होतो. मामांनी कपाळाला हात लावला. आई पदरात तोंड लपवून बसली. गेलं हे स्थळ! आयुष्यात पहिल्यांदा मला एखादी मुलगी इतकी आवडली होती, आणि मी तिच्या वडिलांना गाडीला बांधून ठेवलं होतं.

"आणि हे पाईप?" तिनं पुढे विचारलं. "हे तरी तुमचेच आहेत का?"

"माहे!" मी ताडकन उभा राहिलो. "दोन्ही माहे! ह्याला रॉक स्लायडर म्हनतात! दार वाचतं, पत्रा वाचतो, वर पाय देऊन चढता बी येतं! कसलाबी दगड येऊ द्या, गाडीला काही होनार न्हाई! वेल्डिंग न्हाई, छिद्र न्हाई, नुसत्या क्लॅम्पवर..."

मी किती वेळ बोललो देव जाणे. थांबलो तेव्हा चहा निवला होता.

"डांबरीच्या फाट्यावर गॅस कटरवाला आहे," वैष्णवी म्हणाली. "येताना पाहिलं मी. त्याला लाईट लागत नाही. गाडीच तिकडे नेऊ. बाबा पुढच्या सीटवर बसतील, दार अर्धं उघडं ठेवू. चावी द्या."

"म्या चालवतो की!"

"नको. तुम्ही मागे हौद्यात उभे राहा आणि सोग्यावर लक्ष ठेवा."

माझ्या गाडीची चावी मी आईलासुद्धा देत नाही. तिला दिली. किशनराव सोगा सांभाळत पुढे बसले, दार सुतळीनं अर्धवट बांधलं. हौद्यात मी, मामा आणि दगडोबा. आणि खरं सांगतो, काय गाडी चालवते ती पोरगी! एकेक दगड ओळखीचा असल्यासारखी चुकवत निघाली. मी हौद्यात उभा, तोंडावर वारा, आणि एवढं सगळं होऊनही मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

ओढा आला. पाण्याचा टिपूस नाही, नुसते धोंडे. मधोमध एक म्हशीएवढा धोंडा आहे, त्यानं तालुक्यातली एकही गाडी सोडलेली नाही. वैष्णवीनं चाक वाचवलं, पण धोंडा कडेला आलाच. खण्ण! ठिणग्या उडाल्या. मार बरोबर स्लायडरवर! दाराला ओरखडासुद्धा नाही!

"वाचला!" मी हौद्यात नाचायला लागलो. "पत्रा वाचला! पाहिलं का मामा! स्लायडरनं मार खाल्ला! पाव्हनं, पाहिलं का!"

तेवढ्यात मागे धाडकन आवाज झाला. वळून पाहिलं तर माझा स्लायडर ओढ्यात पडलेला. मंडळी, मी एकच नट आवळला होता! बाकीचे नुसते बोटांनी अडकवलेले, ते दोन्ही घरांच्या गडबडीत कुणाच्या ध्यानातच राहिले नाहीत. धोंड्याच्या एका धक्क्यात क्लॅम्प निसटले, पाईप खाली गेला, आणि त्याच्या एका टोकाला, गोल झालेल्या नटाखाली, सोगा अजून तसाच घट्ट धरलेला होता. गाडी पुढे, पाईप मागे, आणि अर्ध्या उघड्या दारातून किशनरावांचं धोतर साडीच्या दुकानात थान उलगडावं तसं उलगडत चाललेलं!

"थांबव गं! थांबव!" किशनराव ओरडले.

वैष्णवीनं ब्रेक दाबला, पण तोवर धोतर संपलं होतं. ते ओढ्याच्या ह्या काठापासून त्या धोंड्यापर्यंत ऐसपैस पसरलं होतं. सीटवर किशनराव, वर पांढराशुभ्र सदरा, डोक्यावर फेटा, आणि खाली निळ्या पट्ट्यांची चड्डी. पलीकडे शेळ्या चारणारी चांगुणाबाई एकदा बघून चटकन पाठमोरी झाली.

दगडोबा हौद्यातून उतरला, गाडीच्या आडोशाला गेला, आपलं धोतर सोडून कमरेला टॉवेल गुंडाळला आणि ते धोतर किशनरावांच्या हातात दिलं. सोफ्यापाठोपाठ धोतरही दगडोबाचंच! किशनरावांनी ते नेसलं, ओढ्यातला पाईप धोतरासकट उचलून आपल्या जीपमध्ये टाकला आणि म्हणाले, "फाट्यावर म्या सोडवून घेतो. येतो आमी. कळवतो."

कळवतो! पुन्हा तोच शब्द! जीपची धूळ खाली बसेपर्यंत मी ओढ्यात उभा होतो. घरी येऊन तोंडसुद्धा धुतलं नाही. आईनं ताट वाढलं, मी नको म्हणालो. आई माझ्याजवळ बसून राहिली आणि म्हणाली, "दुसरी मिळंल रे लेकरा." मला दुसरी नको होती.

ऊन कलताना मामांचा फोन वाजला. किशनरावांचा होता. मामा "व्हय... व्हय... बराबर..." करत अंगणात येरझारा घालू लागले. मग एकदम उडी मारून ओरडले, "होकार हाय! पोरीचा होकार हाय!"

आई रडायला लागली, दगडोबानं टॉवेलवरच नाच केला, बाबूसिंग ड्रम सोडून धावत आला. मी मामांचा हात गच्च धरला. "मामा, खरं सांगा, काय आवडलं तिला? गाडी? स्लायडर? म्या एकट्यानं बसवले म्हून?"

मामांनी माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं.

"म्या बी किशनरावांना तेच इचारलं. पोरगी म्हनली, अशी बरीच पोरं पाहिली, समदी सफाईनं खोटं बोलत व्हती. ह्याला तर गाडीखाली लपून बी धड खोटं बोलता येत न्हाई. असा नवरा सांभाळायला सोपा!"